मेथीला खत नको, आधी पाणी बदला

ताई, मेथी चार बोटं वर येते, मग पानांच्या कडा करपतात, कुंडीला पांढरा थर धरतो, आणि तुम्ही विचारताय कोणतं खत घालू. वाचून जीव कळवळला. माझ्याकडे दोन वर्षं हेच चाललं होतं. ऊन, कुंडीची भोकं वगैरे तुम्ही बघितलंच असेल. मला एवढंच सांगा, आरओ फिल्टरच्या नळीतून वाया जाणारं पाणी झाडांना घालताय का?

मी घालत होते. आम्ही लातूरचे. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, तेव्हा टँकरपुढं घागरी घेऊन उभे होतो. तेव्हापासून मोरीत तांब्याभर पाणी सोडायचं म्हटलं तरी हात धजत नाही. म्हणून फिल्टरच्या नळीखाली बादली लावली अन् रोज गच्चीवर नेऊन ओतली. बोअरचं पाणी आधीच जड. फिल्टर त्यातले क्षार वेगळे काढतो आणि ते सगळे त्या बादलीत उतरतात. गोडं पाणी आम्ही प्यायलो, खारं मेथीला पाजलं.

खरा घात पुढं झाला. रोपवाटिकेत करपलेली पानं दाखवली. पाणी कोणतं देता, हे कुणी विचारलंच नाही. 'खत कमी पडतंय' म्हणून दाणेदार खताची पिशवी हातात दिली. रासायनिक खत म्हणजे पुन्हा क्षारच. आठवड्यात चौदा कुंड्या बसल्या आणि ड्रममधला सहा वर्षांचा कढीपत्ताही गेला. त्याचं मला आजही वाईट वाटतं. विकणाऱ्यानं एक प्रश्न विचारायला काय हरकत होती?

मी काही शेतीतली शिकलेली नाही, तुमचं कारण वेगळंही असू शकेल. खात्री करायची तर फिल्टरचं ते वाया जाणारं पाणी स्टीलच्या ताटलीत ओतून उन्हात वाळवा. तळाला पांढरं दिसलं की समजा. जमलं तर कृषी विज्ञान केंद्रात माती-पाणी तपासून घ्या.

ते पाणी फरशी पुसायला, संडासात वापरा. कुंडीवरचा थर खरवडून टाका. पावसाळ्यात पन्हाळीचं पाणी दोन-तीनदा भरपूर सोडा, खालून वाहून जाऊ द्या. क्षार त्यानंच उतरतात. तोवर डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी घाला, मीठ पडलेलं मात्र नको. कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, आणलं तर आधी धुऊन घ्या, त्यातही खार असतो. मेथीचा हट्ट तूर्त सोडा अन् घोळीची पालेभाजी लावा, ती खारेपणा बऱ्यापैकी सोसते. घेवड्याच्या नादी लागू नका.

माती सुधारली की मेथी पेरा. पंचवीसेक दिवसांत कोवळी असतानाच खुडा आणि शिजवू नका. बारीक चिरून कांद्याची पात, शेंगदाण्याचा कूट, तिखट, मीठ, वरून कच्चं तेल घालून घोळाणा करा. ज्वारीची गरम भाकरी तव्यावरून उतरली की मगच कालवा, आधी कालवलात तर पाणी सुटतं.