निवृत्तीनंतर नवे काही सुचणे शक्य आहे का? मानसशास्त्र याविषयी काय सांगते?

तुम्ही लिहिता की वीज कंपनीतून निवृत्त होऊन दोन वर्षे झाली, वय साठ आहे, महाविद्यालयात असताना एकांकिका आणि कविता लिहीत होतात, पण आता वही घेऊन बसलात की चार ओळींपुढे काही जात नाही आणि ओळखीच्या माणसांची नावेही ऐनवेळी आठवत नाहीत. त्यामुळे या वयात नवे काही सुचते का, की तो काळ गेला, असा तुमचा प्रश्न आहे. शिवाय मेंदू तल्लख राहावा म्हणून रोज शब्दकोडी सोडवण्याचा जो सल्ला मुलीने दिला आहे, तो कितपत खरा आहे, हेही तुम्हाला जाणून घ्यायचे आहे. मी नागपुरातच मानसशास्त्र शिकवून निवृत्त झालेली शिक्षिका आहे आणि आता स्वतः सत्तरी ओलांडली आहे, म्हणून या विषयाकडे मी दोन्ही बाजूंनी पाहते. माझे मत आधीच सांगते. वयाबरोबर मेंदूचा वेग कमी होतो, हे खरे आहे. परंतु निवृत्तीनंतर माणसाला सुचेनासे होते, त्याचे कारण बहुतेक वेळा हा वेग नसून, आपल्याकडून कोणी काही मागेनासे होते, हे असते.

नावे न आठवण्याबद्दल थोडक्यात लिहिते, कारण त्याची भीतीच माणसाला अधिक खचवते. चेहरा ओळखीचा असतो, तो माणूस कोणत्या सबस्टेशनला होता हेही आठवते, फक्त नाव ओठांवर येऊन अडते. मानसशास्त्रज्ञ डेबोरा बर्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचे जे स्पष्टीकरण दिले आहे, त्यानुसार अर्थ शाबूत असतो, पण अर्थापासून उच्चारापर्यंत जाणारा दुवा वापराअभावी आणि वयामुळे सैल होतो. विशेषनामांना असा दुवा बहुधा एकच असल्यामुळे ती सर्वांत आधी अडकतात. थोड्या वेळाने नाव आपोआप आठवत असेल, तर ते वयाला धरूनच आहे. मात्र रोजच्या रस्त्यावर वाट चुकणे, तोच प्रश्न तासाभरात पुन्हा पुन्हा विचारणे, हिशेबाचे सवयीचे व्यवहार न जमणे किंवा कशातही रस न वाटणे असे काही घरच्यांच्या लक्षात आले, तर ते म्हातारपण समजून सोडून न देता डॉक्टरांना दाखवावे. नैराश्यावर उपचार होतात, आणि ते साठीनंतर विस्मरणाचे सोंग घेऊन येऊ शकते.

आता मूळ प्रश्नाकडे येते. रेमंड कॅटेल आणि जॉन हॉर्न यांनी बुद्धीचे दोन प्रकार मानले. अनोळखी कोडे झटपट सोडवण्याची, एकाच वेळी चार गोष्टी मनात धरून ठेवण्याची क्षमता हा एक प्रकार. तिला तारुण्यानंतर हळूहळू उतार लागतो. शब्द, अनुभव, माणसांची पारख, कामातले बारकावे यांचा साठा हा दुसरा. तो बराच काळ वाढत राहतो, आणि शब्दसंग्रहाच्या काही अलीकडच्या चाचण्यांत तर सर्वोत्तम गुण साठीच्या उत्तरार्धातील लोकांना मिळालेले दिसतात. वॉर्नर शाय यांनी सिॲटल येथे १९५६ साली सुरू केलेल्या अभ्यासात त्याच माणसांना दर सात वर्षांनी पुन्हा तपासले गेले. त्यापूर्वीचे संशोधक आजच्या तिशीतल्या माणसाची आजच्या सत्तरीतल्या माणसाशी तुलना करून सत्तरीतला मागे पडला असे ठरवत असत. पण दोघांचे शिक्षण, बालपणीचा आहार आणि परीक्षा देण्याची सवय यांत जमीनअस्मानाचा फरक असतो, आणि तोही सगळा वयाच्या खात्यावर मांडला जात होता. त्याच माणसाची त्याच्याशीच तुलना केल्यावर असे आढळले की बहुतेक क्षमतांमध्ये साठीपूर्वी सरासरी घट जवळपास दिसत नाही, आणि ऐंशी ओलांडलेल्यांतही निम्म्याहून कमी जणांमध्येच मागील सात वर्षांत ठळक घसरण झालेली असते.

याच्याही पुढचा एक निष्कर्ष मला विशेष आवडतो. वय वाढले की नको ती गोष्ट मनाबाहेर ठेवणे कठीण जाते, म्हणजे लक्ष लवकर विचलित होते, हे लिन हॅशर यांनी पूर्वीच मांडले होते. २००७ साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तरुण व वृद्ध अशा दोघांनाही एक उतारा वाचायला दिला. त्यात मध्येमध्ये असंबद्ध शब्द पेरलेले होते आणि त्यांच्याकडे दुर्लक्ष करा, अशी सूचना होती. अपेक्षेप्रमाणे वृद्धांना वाचायला अधिक वेळ लागला. नंतर मात्र शब्दांमधले दूरचे संबंध शोधण्याची कोडी दिली गेली, आणि त्यांपैकी काहींची उत्तरे नेमकी त्या टाकाऊ शब्दांत होती. तिथे वृद्धांना त्या शब्दांचा फायदा झाला, तरुणांना झाला नाही. प्रयोग छोटा आहे आणि त्यावरून म्हातारपण हे वरदान ठरत नाही, पण सर्जनाचे मोठे काम दूरच्या दोन गोष्टी जोडण्याचेच असते, आणि ज्याला आपण ‘आजकाल लक्षच लागत नाही’ म्हणून कुरकुरतो, त्यातून कच्चा माल आत येत असतो, एवढे तरी त्यावरून म्हणता येते.

वयाचा आणि निर्मितीचा आलेख डीन सायमंटन यांनी अनेक क्षेत्रांतील लोकांची कारकीर्द अभ्यासून मांडला. हा आलेख चढतो, शिखर गाठतो आणि उतरतो, हे खरे. पण तो जन्मापासूनच्या वयापेक्षा त्या क्षेत्रातील कामाच्या वयाशी अधिक जुळतो, म्हणजे जो उशिरा सुरुवात करतो त्याचे शिखरही उशिरा येते. रवींद्रनाथ टागोरांची चित्रकला हस्तलिखितांतील खोडाखोडीला आकार देता देता सुरू झाली, आणि १९३० साली पॅरिसला त्यांच्या चित्रांचे प्रदर्शन भरले तेव्हा ते जवळपास ६९ वर्षांचे होते. महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी खेड्यांतील प्राथमिक शिक्षणासाठी नवी संस्था काढली ती १९३६ मध्ये, वयाच्या ७८ व्या वर्षी. आपल्या नागपुरात महेश एलकुंचवार नाटककार म्हणून नाव झाल्यानंतर ललितलेखनाकडे वळले. ही असामान्य माणसे आहेत, आणि असामान्यांची उदाहरणे देऊन सामान्यांना हुरूप देण्याची आपल्याकडची पद्धत मला फारशी पटत नाही. मी ती एवढ्यासाठीच दिली की क्षेत्र किंवा प्रकार बदलला की घड्याळ बऱ्याच अंशी नव्याने सुरू होते, हा मुद्दा त्यांत स्पष्ट दिसतो.

तुमच्या मुलीच्या सल्ल्याचे उत्तर डेनिस पार्क यांच्या प्रयोगात आहे, आणि ते सविस्तर सांगण्यासारखे आहे. अमेरिकेतील डॅलस येथे ६० ते ९० वयाच्या २२१ जणांवर तो झाला आणि २०१४ साली प्रसिद्ध झाला. काहींना डिजिटल छायाचित्रण शिकवले गेले, त्यात संगणकावर चित्र सुधारण्याचे सॉफ्टवेअरही आले, काहींना गोधडीसारखी नक्षीदार रजई शिवायला शिकवले, काहींना दोन्ही. आठवड्याला सुमारे पंधरा तास, असे तीन महिने चालले. तुलनेसाठी एक गट केवळ एकत्र जमून गप्पा, खेळ, सहली करत राहिला, आणि दुसरा गट घरीच माहितीपट पाहणे, संगीत ऐकणे, आधीच्या ज्ञानावर सुटणारे शब्दांचे खेळ खेळणे यांत रमला. प्रयोगाच्या शेवटी, घडलेले प्रसंग लक्षात ठेवण्याची क्षमता वाढली ती नवे आणि कठीण शिकणाऱ्यांची, त्यातही छायाचित्रण शिकणाऱ्यांची अधिक. गप्पांच्या गटाला किंवा घरच्या शब्दखेळांना तसा लाभ झाला नाही. म्हणजे शब्दकोडी जरूर सोडवा, सकाळच्या चहाबरोबर त्यासारखी करमणूक नाही. पण त्यांत तुम्ही आधीच जाणता तेच पुन्हा काढून पाहता, आणि कोडी सोडवल्याने माणूस मुख्यतः कोडी सोडवण्यात तरबेज होतो. आपली ज्येष्ठ नागरिक मंडळे हास्यक्लब, वाढदिवस आणि सहली यांवर जेवढा भर देतात, त्याच्या निम्मा जरी काही अवघड शिकण्यावर दिला, तरी चित्र वेगळे दिसेल असे मला वाटते. (मंडळाच्या बैठकीत मी हे बोलते, तेव्हा सभासद माना डोलावतात आणि पुढच्या सहलीचा विषय निघतो.)

अवघड शिकणे म्हणजे काय, याचे माझ्या पाहण्यातील उदाहरण लक्ष्मीनगरच्या एका बाईंचे आहे. पतीच्या निधनानंतर माळ्यावरच्या पेटीत जुने खरेदीखत आणि पत्रे सापडली, ती सगळी मोडीत. त्यांनी पासष्टीनंतर मोडी लिपी शिकायला घेतली. अक्षरे लेखणी न उचलता लिहिलेली, एकेका लेखकाचे वळण निराळे, आणि शब्द कुठे तुटतो हे संदर्भावरून ठरवायचे. तरुण विद्यार्थी अक्षरे लवकर ओळखत, पण ‘इस्तकबिल’, ‘बित्तपशील’ असे शब्द किंवा शेतीची जुनी मापे आली की बाईंनी लहानपणी आजोबांच्या तोंडून ऐकलेले कामी येई. नव्या कौशल्याची ओढाताण आणि जुन्या साठ्याचा आधार, दोन्ही एकाच कामात. पुढे नातेवाईक, मग नातेवाइकांचे ओळखीचे लोक आपापले कागद घेऊन त्यांच्याकडे येऊ लागले, आणि माझ्या मते खरा फरक तिथून पडला.

कारण कोणीतरी वाट पाहत होते. एरिक एरिक्सन यांनी प्रौढवयाची मुख्य गरज पुढच्या पिढीच्या उपयोगी पडण्याची मानली, आणि ती भागली नाही तर येणाऱ्या अवस्थेला साचलेपण म्हटले. नोकरीत असताना तुमच्याकडे सतत मागणी होती. ब्रेकडाऊन झाला की रात्री दोन वाजता फोन येत असे, आणि तुम्ही त्रासून का होईना, काहीतरी तोडगा काढत होतात. निवृत्तीनंतर वर्षातून एकदा हयातीचा दाखला सोडला, तर जग तुमच्याकडे काही मागत नाही. मुले पुण्या-बंगळुरूला, आणि एप्रिल ते जून दहानंतर बाहेर पडण्याची सोय नाही. त्या लांबलचक दुपारी रिकामा वेळ भरपूर असतो आणि त्यात काही सुचत नाही. रिकामा वेळ मिळाला की प्रतिभा आपोआप जागी होईल, ही नोकरीत असताना सगळ्यांनीच बाळगलेली समजूत आहे. तिला मला कुठेच आधार सापडलेला नाही.

शक्ती कमी झाल्याचे काय करायचे, याचे उत्तर पॉल बाल्टेस यांनी पियानोवादक आर्थर रुबिनस्टाइन यांच्या उदाहरणावरून दिले. उतारवयातही इतके चांगले कसे वाजवता, असे विचारल्यावर त्यांनी सांगितले होते की ते कमी रचना वाजवतात, त्यांचाच अधिक सराव करतात, आणि जलद भागापूर्वी मुद्दाम थोडे संथ वाजवतात, म्हणजे पुढचा भाग आहे त्याहून जलद भासतो. निवड, निवडलेल्याची मशागत आणि उणिवेची भरपाई, असे हे तीन भाग. फ्रेंच चित्रकार मातीस यांना १९४१ च्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर चित्रफलकासमोर उभे राहणे जमेना, तेव्हा त्यांनी रंगवलेले कागद कात्रीने कापून चित्रे केली, आणि ती आज त्यांच्या उत्तम कामात गणली जातात.

म्हातारपणाविषयीची आपली समजूतही परिणाम करते. बेका लेव्ही यांनी ओहायोतील पन्नाशीपुढच्या ६६० जणांच्या माहितीवरून २००२ साली दाखवले की वार्धक्याकडे चांगल्या दृष्टीने पाहणारे सरासरी साडेसात वर्षे अधिक जगले. वय, आर्थिक स्थिती, शारीरिक कार्यक्षमता यांचा हिशेब वजा करूनही फरक उरला होता. तरी हा सहसंबंध आहे, आणि त्यावरून ‘सकारात्मक विचार करा’ अशी व्याख्याने झोडणाऱ्यांपासून मी दूर राहते. एवढे नक्की की ‘आता या वयात काय’ हे वाक्य तुमच्या प्रश्नात दोनदा आले आहे, आणि ते बोलणारा माणूस तिसऱ्या ओळीलाच पेन खाली ठेवतो.

शरीराविषयी एकच गोष्ट लिहिते, कारण बाकीची डॉक्टर सांगतीलच: कान तपासून घ्या. स्मृतिभ्रंशाविषयी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये जे टाळता येण्याजोगे १४ धोके नोंदवले, त्यांत कमी ऐकू येणे आहे, आणि आपल्याकडे माणूस चष्मा पटकन लावतो, पण श्रवणयंत्राला वर्षानुवर्षे टाळतो.

तुमच्याबाबतीत मी कवितेऐवजी एकांकिका निवडा असे म्हणेन. कविता एकट्याने लिहून वहीत ठेवता येते, म्हणून ती अर्ध्यावर सोडणेही सोपे. एकांकिकेला नट लागतात, आणि नट विचारायला येतात. शिवाय तुमच्याजवळ पस्तीस वर्षांचा असा साठा आहे, जो शहरातल्या तरुण नाटककाराजवळ नाही: कृषिपंपाच्या जोडणीसाठी खेटे घालणारा शेतकरी, मे महिन्यात जळालेला ट्रान्सफॉर्मर आणि कार्यालयावर आलेला जमाव, खांबावर चढलेला लाइनमन आणि खाली उभी असलेली त्याची बायको. कॉलेजात लिहिले तसे लिहायचे नाही, हे मात्र ठरवून टाका; विशीतल्या स्वतःशी स्पर्धा करत बसलात तर त्या चार ओळी चारच राहतील. तुमच्या कॉलनीच्या गणेशोत्सव मंडळाला आजच सांगून ठेवा की यंदाची एकांकिका तुम्ही देणार आहात, आणि पहिला खर्डा वाचून दाखवण्याची तारीखही त्यांच्याकडूनच घ्या. पात्रे चारपेक्षा जास्त ठेवू नका, कारण ऑगस्टात तालमीला रोज माणसे जमवणे हीच वस्तीतल्या हौशी मंडळींची सर्वांत मोठी अडचण असते.