विचारा तर खरं: जलपरीच्या ककूनमध्ये बाळाने पाय ठेवायचे कुठे?

मागच्या वेळी बाळाच्या टोप्यांबद्दल लिहिलं होतं आणि शेवटी सहज म्हणून जलपरीच्या ककूनचा, म्हणजे माशाच्या शेपटीच्या आकाराच्या, क्रोशाने विणलेल्या बाळाच्या पिशवीचा उल्लेख केला, झालं, या महिन्यात आलेली निम्म्याहून जास्त पत्रं त्या शेपटीचीच आहेत. त्यामुळे यावेळी दुसरं काही नाही, मोजे आणि स्वेटरवाल्यांनी जरा थांबा.

ताई, मी पहिल्यांदाच आत्या होणारे!! दोन महिने आहेत हातात. मला तो जलपरीचा ककून विणायचाय, वरून बाळाचे हात आणि डोकं बाहेर आणि खाली माशाची शेपूट असा. साखळी, खांब (सुईवर एक वेढा घेऊन), मुका खांब (वेढा न घेता) हे क्रोशाचे साधे टाके येतात, एक शाल पण पूर्ण केलीये. मी पाहिलेल्या फोटोत घोट्यापाशी एकदम बारीक होतो आणि मग शेपूट पसरते, मला अगदी तस्साच हवाय. टाके किती घालू, सुई कितीची घेऊ, आणि बाळ अजून आलंच नाही तर माप कुणाचं घेऊ? – होणारी आत्या

आधी अभिनंदन गं. आणि आता तुझं मन मोडते, ते घोट्यापाशी बारीक प्रकरण डोक्यातून काढून टाक. मी माझा पहिला ककून अगदी तसाच केला होता, भाच्यासाठी, दिसायला इतका देखणा की मीच त्याच्या प्रेमात, आणि त्यात बाळाला घातल्यावर ते असं लालबुंद होऊन रडायला लागलं की एक फोटो धड आला नाही. मला वाटलं लोकर टोचतेय. लोकर नव्हती, पाय होते. नवजात बाळ पाय सरळ ठेवतच नाही, गुडघे पोटाकडे घेऊन बाहेर पाडलेले, बेडकासारखे, तीच त्याची नैसर्गिक पोझ. ते पाय जवळ आणून सरळ ताणून बांधले की खुब्याचा सांधा खोबणीतून सरकायचा धोका वाढतो, कारण त्या वयात सांधा अजून कच्चा असतो. म्हणजे आपल्या फोटोतली सुंदर बारीक शेपूट बाळाला नेमकी नको तिथे आवळते.

मग जलपरी करायचीच नाही का, तर करायची, फक्त शेपूट बाळाच्या पायांच्या खाली सुरू करायची. वरचा भाग म्हणजे एक सरळसोट ढगळ पिशवी, त्यात पाय हवे तसे दुमडतील, आणि तळव्यांच्या खाली तीनचार इंच जागा संपल्यावर मग निमुळतं करत जायचं. शेपटीत बाळाचं काहीच नसतं, ती नुसती शोभेची. लांबून बघणाऱ्याला फरक कळतसुद्धा नाही.

मापाचं टेन्शन घेऊ नकोस. पूर्ण दिवसांचं बाळ साधारण ५० सेंटीमीटर म्हणजे २० इंचाच्या आसपास लांब असतं आणि छाती ३३ सेंटीमीटरच्या जवळपास, तेरा इंच धर. तीन महिन्यांत लांबी ६० सेंटीमीटरपर्यंत जाते. म्हणून ककूनचा घेर १८ ते १९ इंच ठेव आणि काखेपासून निमुळतं सुरू होईपर्यंत लांबी १६ इंच. ढगळ झाला तर चालतो, घट्ट झाला तर उसवावा लागतो.

आता टाके. ५ मिलिमीटरची सुई आणि मध्यम जाडीची लोकर घेतलीस तर माझ्या हाताने ४ इंचात १४ खांब बसतात, म्हणजे इंचाला साडेतीन. १८ ला साडेतीनने गुणलं की ६३. पण खवल्यांसाठी तू शंखाचा टाका, म्हणजे एकाच टाक्यात पाच खांब, घालणार (घाल, तोच सोपा आहे), त्याला सहाच्या पटीत टाके लागतात, म्हणून ६६ घ्यायचे. तुझा हात सैल असेल तर हेच ६६ टाके २१ इंच होतील आणि घट्ट असेल तर १६, म्हणून आधी हातभर नाही पण तळहाताएवढा नमुना विण, आणि तो शंखाच्याच टाक्यात विण, साध्या खांबाच्या नमुन्यावरून शंखाचा अंदाज लागत नाही. सगळे हा नमुना टाळतात, मीसुद्धा टाळते आणि मग रात्री दीड वाजता उसवत बसते.

सुरुवात वरून, छातीच्या पट्टीपासून. ६६ साखळ्या घालून त्यावरच चढलीस तर काठ ताठ होतो, त्याला ताण नसतो. त्यापेक्षा ८ साखळ्यांची अरुंद पट्टी घे, मुके खांब घाल पण टाक्याच्या वरच्या दोन धाग्यांपैकी फक्त मागच्या धाग्यात, उलटपालट करत जा, आपोआप रबरासारखी ताणणारी पट्टी होते. ती १७ इंच झाली की टोकं जोडून गोल कर आणि तिच्या काठावर ६६ टाके उचल. मग शंख: एक मुका खांब, दोन टाके सोड, तिसऱ्यात पाच खांब एकत्र, दोन सोड, परत मुका खांब. असे एका फेरात ११ शंख बसतात. पुढच्या फेरात मुका खांब शंखाच्या मधोमध आणि शंख आधीच्या मुक्या खांबावर, म्हणजे खवले विटांसारखे एकाआड एक बसतात. गोल विणताना ज्या फेरात शंखापासून सुरुवात येते तिथे गडबड होते, तर तिथे आधी ३ साखळ्या (तो एक खांब धरायचा) आणि त्याच टाक्यात दोन खांब घाल, पूर्ण फेर फिरून आलीस की उरलेले दोन त्याच टाक्यात घालून जोड. पाच झाले.

फेर जोडल्याची रेघ मागे म्हणजे पाठीखाली ठेवू नकोस हां, बाळ पाठीवर पडलेलं असतं, त्याला ती रेघ आणि गाठी टोचत राहतात. बाजूला, काखेच्या रेषेत घे.

१६ इंच झाले की शंख बंद, एक फेर साध्या ६६ खांबांचा, आणि मग उतरवायला लाग: ९ खांब घालायचे, पुढच्या दोघांचा एक करायचा, असं सहा वेळा, राहिले ६०. पुढच्या फेरात ८ खांब आणि दोघांचा एक, ५४. मग ७, मग ६, असं प्रत्येक फेरात सहा कमी करत २४ वर ये. हे सात फेर होतात आणि साडेतीन चार इंच उतरतात. आता ते तोंड चपटं कर, समोरासमोरचे टाके एकत्र घेऊन १२ मुक्या खांबांनी बंद. त्या १२ चे सहा सहा दोन भाग, प्रत्येकावर एक पर: दर ओळीला दोन्ही टोकांना एकेक खांब वाढवत ६ चे १६ होईपर्यंत, आणि शेवटी काठाला शंख. पर लोळतात, मान टाकतात, टाकू देत. आत कापूस वगैरे भरून ताठ करू नकोस.

क्रोकोडाइल स्टिचने खवले जास्त खरे दिसतात ना? मी वरून सुरू केलं तर खवले उलटे दिसतायत, डोक्याकडे तोंड करून. काय चुकलं? – उलटा मासा

काही चुकलं नाही, दिशा चुकली. ही गंमत मला पण दुसऱ्या ककूनच्या वेळी कळली, म्हणजे अर्धा विणून झाल्यावर. शंखाचा गोल काठ आपण ज्या दिशेने विणत जातो त्या दिशेला उघडतो, म्हणून वरून खाली विणलं की खवले शेपटीकडे जातात, बरोब्बर माशासारखे. क्रोकोडाइलमध्ये एका खांबाच्या अंगावर पाच खांब खाली उतरत आणि शेजारच्याच्या अंगावर पाच वर चढत घालतो, त्यामुळे खवल्याचा गोल काठ सुरुवातीच्या साखळीकडे लोंबतो. म्हणून तो शेपटीकडून सुरू करायचा आणि छातीकडे संपवायचा. उसवावं लागणार, सॉरी.

खरे दिसतात हे मान्य पण लोकर भरमसाट खातो, जाड आणि जड होतो, आणि एवढ्याशा जिवाच्या अंगावर तो दुहेरी थर गरम पण खूप होतो. माझं मत विचाराल तर पुढून छातीखाली दोन ओळी क्रोकोडाइलच्या वेगळ्या विणून, खवले शेपटीकडे येतील अशा टाचा हौस म्हणून, बाकी शंख.

पॅटर्न अगदी अक्षरशः फॉलो केला, टाके मोजले, फेर मोजले, तरी माझा ककून निम्माच लांब झालाय आणि पुठ्ठ्यासारखा कडक. सुई बदलू का?

सुई नका बदलू, पॅटर्न कुठल्या पद्धतीचा आहे ते बघा. अमेरिकन पॅटर्नमधलं डबल क्रोशे म्हणजे आपला खांब, सुईवर एक वेढा घेऊन केलेला. ब्रिटिश पॅटर्नमधलं डबल क्रोशे म्हणजे आपला मुका खांब, वेढा नाहीच. नाव एक, टाके दोन! तुम्ही अमेरिकन पॅटर्न ब्रिटिश समजून विणलाय, म्हणून उंची निम्मी आणि वीण कडक. ओळखायची सोपी खूण, पॅटर्नमध्ये कुठेही सिंगल क्रोशे हा शब्द आला तर तो अमेरिकन, ब्रिटिश पद्धतीत तो शब्द वापरतच नाहीत.

मऊ मऊ केसाळ लोकर घेतलीये आणि सोबत चमकीचा धागा, जलपरी आहे म्हणजे चमकायला हवी ना. वर मोती आणि शिंपले पण शिवणारे.

चमकायला हवी पण बाळाच्या तोंडात जायला नको. केसाळ लोकरीचे तंतू सुटतात, नाकातोंडात जातात, मुठीत अडकतात. चमकीचा धागा गालाला लावून बघा, नुसता हाताला लावून कळत नाही, खरखरतो. मोती, शिंपले, बटणं काही नको, कितीही घट्ट शिवा, सुटायचं ते सुटतं आणि तोंडात गेलं तर घशात अडकतं. शिंपलेच हवेत तर लोकरीचेच चपटे विणून सगळ्या कडेने टाचा. गळ्यात अडकवायचे बंद आणि छातीशी ओढायची नाडी पण नको.

लोकर साधी, गुळगुळीत, मशीनमध्ये धुता येणारी घ्या, सुती आणि अॅक्रिलिकचं मिश्रण मला सगळ्यात बरं वाटतं. नुसती सुती ताणत नाही आणि ओली झाली की जड होऊन लोंबते, नुसत्या अॅक्रिलिकमध्ये घाम येतो. आणि आतली बाजू उलटी करून नीट बघा, रंग बदलताना आतून लांब धागे सोडलेले असतील तर ते बाळाच्या पायाच्या बोटाभोवती गुंडाळले जातात, केसाने सुद्धा असं होतं, बोट सुजतं आणि रक्त अडतं. म्हणून प्रत्येक टोक टाक्यांमधून उलटसुलट ओवून कापायचं. पायांच्या भागात वीण जाळीदार वाटत असेल तर सुई अर्ध्या मिलिमीटरने लहान घ्या.

मी आजी आहे, नातीसाठी ककून विणून तयार आहे. रात्री ती पांघरूण लाथाडते, तर रात्रीचं यातच घालून झोपवलं तर चालेल ना? सुनेला पटत नाहीये.

आजी, ककून सुंदर झाला असणार, पण यावेळी मी सुनेच्या बाजूने. झोपेत नाही, रात्री नाही आणि दुपारी पण नाही. ताणणारी सैल विणलेली वस्तू आहे ती, बाळ आत सरकलं की काठ तोंडावर येतो, आणि लोकरीत अंग तापतं ते झोपेत कळत नाही. तान्ह्या बाळाला वर्षाचं होईपर्यंत पाठीवर, सपाट आणि घट्ट गादीवर, आजूबाजूला सैल पांघरूण उशी खेळणी काही न ठेवता झोपवा असं बालरोगतज्ज्ञ सांगतात. ककून जागेपणी, तुमच्या डोळ्यांसमोर, फोटोपुरता आणि कौतुकापुरता. मध्येमध्ये मानेच्या मागे हात लावून बघा, घाम वाटला तर काढा, सोबतची टोपी तर फोटो झाला की लगेच काढा. गाडीतल्या बेबी सीटमध्ये पण नको, जाड कापडामुळे पट्टे नीट बसत नाहीत. आणि नात कुशीवर वळायचा प्रयत्न करायला लागली की ककून कपाटात. तिला लाथा मारायच्यात तर मारू द्या ना, मोकळे पाय आहेत ते.

ककून एवढा कष्टाने केला आणि दोन महिन्यात लहान झाला, आता?

वरून सुरू केला असेल तर आधी पर कापून वेगळे काढा, मग शेपटीकडून निमुळता भाग सगळा उसवा आणि तिथे तळ न लावता मोकळं सोडा, काठाला एक शंखाचा फेर घाला, पाय बाहेर येणारा लांब झगा होतो. पट्टी छातीला घट्ट होत असेल तर मात्र सोडून द्या. काढलेले पर जपून ठेवा, माझ्याकडे तसे दोन जोड आहेत, एक वहीत खूण म्हणून घालते.