प्लेट वाचताना नुसते मिलिमीटर मोजू नकोस
बाळा, लातूरच्या लॅबमध्ये तुझा पहिलाच महिना, म्हणून सांगतो. काल लघवीच्या नमुन्यातले जंतू वाढवलेली, वर औषधांच्या चकत्या ठेवलेली प्लेट तूच वाचलीस, चकतीभोवती जंतू न वाढलेली जागा मिलिमीटरमध्ये मोजून. अँपिसिलिन, सेफोटॅक्सिम, को-ट्रायमोक्सॅझोल, तिन्ही चकत्यांच्या कडेला भिडून ई. कोलाय हा जंतू वाढलेला, म्हणजे तिन्ही औषधं त्याच्यावर निकामी. एवढं सगळं एकट्या जंतूला कसं जमलं, असं तू विचारलंस. बहुतेक वेळा त्याला ते आयतं मिळालेलं असतं.

मुख्य गुणसूत्राशिवाय जंतूत डीएनएची लहान कडी असू शकते, तिला प्लाझ्मिड म्हणतात. दोन जंतू एकमेकांना चिकटतात, कडीचा एक धागा पलीकडे सरकतो आणि दोघंही आपापला जोडधागा तयार करून घेतात. शेजारणीला विरजण दिलं तरी आपलं दही उरतंच ना, तसं. एकाच कडीवर चार-पाच औषधांना पुरून उरणारी जनुकं असली, तर सगळी एकदमच जातात. दोन जंतूंची प्रजाती वेगळी असली तरी अडत नाही. शिगेला हा जुलाबाचा जंतू आणि ई. कोलाय यांच्यातली ही देवाणघेवाण जपानमध्ये 1959 च्या सुमारास दिसली होती. मला यातलं सगळ्यात भीतीदायक हे वाटतं, की एक औषध उगाच दिलं तरी कडी असलेले जंतूच तगतात आणि कडीवरच्या बाकीच्या जनुकांचीही राखण होते.

म्हणून अशी प्लेट दिसली की रिपोर्ट टाइप होईपर्यंत थांबू नकोस, डॉक्टरांना फोन कर. प्लेट बेसिनमध्ये कधीच धुवायची नाही, आधी ऑटोक्लेव्ह, म्हणजे दाबाखालच्या वाफेनं जंतू मारणारं यंत्र. मधेच लाइट गेली तर उरलेली मिनिटं मोजू नकोस, 121 अंशावर पहिल्यापासून परत लाव.