युद्धानंतर जपान सावरला, त्याचं श्रेय कुठल्या पंतप्रधानाला द्यावं?

तुम्ही विचारलंय की बेचिराख झालेला जपान वीसेक वर्षांत उभा राहिला, हे नेमकं कुठल्या नेत्याचं काम, की नुसती तिथल्या लोकांची शिस्त?

शिस्तीचं उत्तर मला कधीच पटलं नाही. शिस्त 1941 सालीही होती, आणि ती त्यांना कुठे घेऊन गेली हे सगळ्यांना माहीत आहे. एकच नाव सांगायचं तर मी इकेदा हायातो यांचं सांगेन. पण त्यांच्यासाठी वाट मोकळी झाली ती एकाच्या सौद्यामुळे आणि दुसऱ्याच्या हट्टामुळे.

सौदा तेव्हाचे पंतप्रधान योशिदा शिगेरू यांचा. 8 सप्टेंबर 1951 ला सॅन फ्रान्सिस्कोत शांतता करारावर सही झाली आणि त्याच दिवशी अमेरिकेशी सुरक्षा करारही झाला. तळ तुमचे राहू द्या, राखण तुम्ही करा, आम्ही कारखाने बघतो, असा सरळ हिशेब. कोरियन युद्ध पेटल्यावर सैन्य उभारा म्हणून अमेरिका मागे लागली, तेव्हा योशिदांनी युद्ध आणि सैन्य नाकारणारं राज्यघटनेचं कलम 9 पुढे केलं आणि जमेल तितकं टोलवलं. ती घटना अमेरिकनांच्याच देखरेखीखाली लिहिलेली होती, ही गंमत वेगळीच. त्याच युद्धाच्या ऑर्डरींनी जपानी कारखान्यांत पुन्हा धूर दिसू लागला. माणूस मात्र महातापट. 1953 मध्ये एका विरोधी खासदाराला ते 'बाकायारो', म्हणजे 'मूर्खा', असं पुटपुटले आणि त्यावरून प्रकरण सभागृह विसर्जित होण्यापर्यंत गेलं.

हट्ट किशी नोबुसुके यांचा. हे युद्धकाळातले पंतप्रधान तोजो यांच्या मंत्रिमंडळात होते, युद्धगुन्ह्यांच्या संशयावरून तीन वर्षांहून जास्त काळ सुगामो तुरुंगात राहिले, खटला न चालताच 1948 मध्ये सुटले आणि 1957 मध्ये पंतप्रधान झाले. त्यांना अमेरिकेशी झालेला करार जरा बरोबरीचा करून घ्यायचा होता. मागणी गैर नव्हती, रीत गैर होती. 19 मे 1960 च्या रात्री समाजवादी खासदार सभापतींची वाट अडवून बसले. किशींनी पोलिसांकरवी त्यांना उचलून बाहेर काढलं आणि मध्यरात्रीनंतर नुसत्या स्वपक्षीयांच्या मतांवर करार मंजूर करून घेतला. कनिष्ठ सभागृहाने मंजूर केलेला करार तीस दिवसांनी आपोआप पक्का होतो, म्हणजे 19 जूनला. आयझेनहॉवर यायचे होते तेही त्याच दिवशी! पण 15 जूनला संसदेच्या आवारातल्या धुमश्चक्रीत एक विद्यार्थिनी मेली, आयझेनहॉवर यांची भेट रद्द झाली आणि करार पक्का होताच किशी गेले. त्यांच्या खात्यावर चांगलंही आहे: सगळ्यांना पेन्शन आणि आरोग्यविमा देणारे कायदे त्यांच्याच काळातले. आणि जपानने येनमधलं पहिलं कर्ज 1958 मध्ये भारताला दिलं, तेही त्यांच्याच वेळी. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचं कर्ज ठरलं ते त्यांचे नातू शिंझो आबे पंतप्रधान असताना.

आता इकेदा. अर्थखात्यातला हा माणूस तोंडाचा फटकळ. चार-दोन छोटे व्यापारी बुडाले, त्यांनी जीव दिला तरी इलाज नाही, अशा अर्थाचं बोलल्यामुळे 1952 मध्ये मंत्रिपद गेलेलं. तोच 1960 मध्ये 'सहिष्णुता आणि संयम' म्हणत पंतप्रधानपदी आला. कराराचं नावच काढायचं नाही, दहा वर्षांत उत्पन्न दुप्पट एवढंच बोलायचं. रस्त्यावर उतरलेल्या लोकांना घरी पाठवायला याहून चांगलं औषध नव्हतं, आणि माझ्या मते ही योजना आधी राजकारण होती, मग अर्थकारण. वाढ पन्नाशीच्या दशकातच सुरू झाली होती. इकेदांनी करकपात, रस्ते, बंदरं, तंत्रशिक्षण असा जोर लावला आणि ती सरकारच्या नावावर चढवली. दुप्पट व्हायला दहा नाही, सुमारे सातच वर्षं लागली. 1 ऑक्टोबर 1964 ला शिंकानसेन, म्हणजे तिथली बुलेट ट्रेन, धावली, त्याच महिन्यात टोकियो ऑलिंपिक झालं आणि लगेच घशाच्या कॅन्सरमुळे इकेदांनी पद सोडलं.

बिल मात्र दुसऱ्यांच्या नावावर फाटलं. मिनामाता या किनाऱ्यावरच्या गावातला आजार 1956 मध्येच उघड झाला होता. कारखान्याच्या पाऱ्यानेच तो होतो हे सरकारने मान्य केलं 1968 मध्ये. बारा वर्षं! या काळात इकेदांसारखे योशिदांचे चेलेही होऊन गेले आणि किशीही.

दुसरं बिल ओकिनावाचं, म्हणजे युद्धानंतर अमेरिकेच्या ताब्यात राहिलेल्या दक्षिणेकडच्या बेटांचं. किशींचे सख्खे भाऊ आणि इकेदांनंतरचे पंतप्रधान सातो एइसाकू यांनी 1972 मध्ये ते अमेरिकेकडून परत मिळवलं, तळ तिथेच ठेवून. देशाच्या 0.6 टक्के जमिनीवर अमेरिकी तळांची जवळजवळ 70 टक्के जागा आजही आहे. अण्वस्त्रं बाळगणार नाही, बनवणार नाही, येऊ देणार नाही, असं म्हणणाऱ्या सातोंना 1974 मध्ये शांततेचं नोबेल मिळालं. वेळ पडली तर ती ओकिनावात आणू देण्याचा निक्सनशी केलेला गुप्त कागद त्यांच्या घरी होता, हे 2009 मध्ये बाहेर आलं.

सातोंनंतरचे पंतप्रधान तानाका काकुएई मुद्दाम सोडलेत. त्यांच्यावर वेगळा प्रश्न टाका, इथे मावणार नाहीत.