फोड येऊन गेल्यावर मुलाची लघवी लाल, चेहरा सुजलेला. किडनी कायमची जाते का?

ताई, मुलगा ८ वर्षांचा, महिन्यापूर्वी पायावर पुवाचे फोड येऊन गेले, आता सकाळी डोळे सुजतात, लघवी लाल होते आणि शेजारी ‘उन्हाळी लागलीय, भरपूर पाणी पाजा’ म्हणतात, असं तुम्ही लिहिलंय. पाणी पाजत बसू नका. आजच मुलांच्या डॉक्टरांकडे नेऊन बीपी बघा. मोठ्यांचा पट्टा लावला तर बीपी कमी दिसतं, लहान पट्टा मागा.

आमच्या धाकट्याला दुसरीत असताना हेच झालं. खानापूरकडचा पाऊस, कपडे वाळेनात, घरात खरूज आली. खाजवून पिंडऱ्यांवर फोड झाले, सुकलेही. तीन-चार आठवड्यांनी लघवी कोऱ्या चहासारखी. मीही शहाळं, सब्जाचं पाणी देत राहिले. दोन दिवसांत मोज्याचा वळ पायावर उमटून तसाच राहू लागला, डोकं धरून रडायला लागला. बेळगावला नेलं तेव्हा बीपी चढलेलं.

हे स्ट्रेप्टोकॉकस जंतूमुळे होतं. त्याच्याशी लढताना रक्तात जे पुंजके तयार होतात, ते किडनीच्या गाळण्यांत अडकतात नि गाळण्या सुजतात. घसा दुखल्यावर १ ते ३ आठवड्यांनी, फोडांनंतर ३ ते ६ आठवड्यांनी. तोवर फोड कुणाच्या लक्षातही नसतात, म्हणून डॉक्टरांना आपणच सांगायचं. लघवी कमी होते, मग प्यायलेलं पाणी अंगातच साठतं. बीपी फार चढलं तर झटके येतात. शहाळ्यात पोटॅशियम असतं, तेही अशा वेळी नको.

लघवी, क्रिएटिनिन (किडनी किती काम करते ते यावरून कळतं), पोटॅशियम आणि सी३ (रक्तातलं एक प्रथिन, या आजारात ते कमी होतं) तपासतील. फोडांनंतर एएसओ (स्ट्रेप्टोकॉकस होऊन गेल्याची रक्तातली खूण) बऱ्याचदा वाढतच नाही, तेवढ्यावर निश्चिंत होऊ नका. आमच्याकडे मीठ तोडलं, पाणी मापून दिलं, लघवी वाढायचं औषध दिलं. पेनिसिलिन उरलेल्या जंतूंसाठी असतं, किडनीची सूज त्यानं उतरत नाही.

बहुतेक मुलांची किडनी पूर्ण बरी होते, ताई. सी३ साधारण ६ ते ८ आठवड्यांत जागेवर येतो. नाही आला तर पुढची तपासणी टाळू नका. डोळ्यांना न दिसणारं रक्त मात्र लघवीत वर्षभरही सापडू शकतं, त्यानं घाबरू नका.

दम लागला, झटका आला, लघवी अगदीच थांबली तर रात्र असली तरी दवाखाना गाठा. आणि घरातल्या बाकीच्या पोरांच्या पिंडऱ्या, बोटांच्या बेचक्या आजच बघा. खरूज असेल तर औषध सगळ्यांनी एकाच रात्री लावायचं.