भरिताची वांगी : मोठं, जड आणि बिनभोकाचं म्हणजे चांगलं नव्हे

ताई, तुम्ही लिहिलंय की जळगावहून चार किलो भरिताची वांगी वेचून नेली. सगळी मोठी, हाताला भरीव, एकालाही भोक नाही. भाजल्यावर मात्र निम्मी बियांनी गच्च निघाली, दोन कडू आणि एकात अळी. वाचलं आणि लिहायला बसलोच, कारण नेमक्या याच निवडीपायी मीही कित्येक हिवाळे पैसे घालवले आहेत. ताजं, टवटवीत, न सुकलेलं घ्यावं हे तुम्हाला ठाऊक आहेच, त्यावर वेळ घालवत नाही.

खरी चूक वजनात आहे. भरिताचं वांगं मोठंच असतं, म्हणून त्यातलं सगळ्यात मोठं आणि जड ते उत्तम असं आपण धरून चालतो. पण झाडावर चार-सहा दिवस जास्त राहिलेलं फळ निबर होतं. बिया टणक होतात, गर दोरखंडासारखा लागतो आणि कडवटपणा वाढतो. म्हणून सारख्या आकाराची दोन वांगी दोन हातांत घ्या आणि हलकं असेल ते ठेवा. इथेही एक फसगत होते. दोन-तीन दिवसांचं शिळं वांगंसुद्धा पाणी उडून हलकं होतं. त्यामुळे हलकं, पण साल ताणलेली आणि देठ हिरवा, असं तिन्ही जमलं तरच घ्या. हलकं आणि देठाजवळ सुरकुत्या, तर परत ठेवा.

निबर वांगं रंगावरूनही कळतं. आपलं खानदेशी वांगं फिकट हिरवं, त्यावर पांढरट रेघा. हिरव्याची झाक पिवळटाकडे गेली आणि चकाकी मेली की बिया पक्क्या झाल्या समजा. विक्रेते पाणी मारतात, त्यामुळे सगळंच चकाकतं. रुमालाने एक बाजू कोरडी पुसा आणि मग बघा. नंतर अंगठ्याने हलकं दाबा. खळगा लगेच भरून आला तर घ्या, तसाच राहिला तर जून किंवा शिळं, आणि दगडासारखं दाबलंच जात नसेल तर फार कोवळं, त्याला भाजल्यावर गर सुटत नाही.

तळाची नाभी गोल असेल तर नर, लांबट असेल तर मादी, आणि नरात बिया कमी, हे बाजारात सर्रास ऐकवतात. फळात नर-मादी असा प्रकारच नसतो. बिया वाणावर आणि तोडणीच्या वेळेवर ठरतात. ही खूण डोक्यातून काढून टाका.

आता अळी. भोक नाही म्हणजे अळी नाही, हा समज सगळ्यात महागात पडतो. शेंडा आणि फळ पोखरणारी अळी अगदी बारीक असताना बहुधा देठाच्या टोपीखालून आत शिरते आणि ते छिद्र तिच्याच विष्ठेने बुजतं. आपल्याला ठसठशीत दिसतं ते बहुतेकदा ती बाहेर पडल्याचं भोक असतं. म्हणजे भोक असलेलं वांगं नासलेलंच, पण बिनभोकाच्या वांग्यात ती अजून बसलेली असू शकते. टोपीची एक पाकळी नखाने उचला (काटे सांभाळा). खाली तपकिरी भुकटी, ओलसर डाग किंवा मऊ पडलेली जागा दिसली तर नको. तरीही शंभर टक्के खात्री कुणी देऊ शकत नाही. म्हणून भाजण्याआधी देठ तसाच ठेवून उभी चीर द्या, आत बघा, तेलाचा हात लावा आणि मग विस्तवावर ठेवा. अखंडच भाजायचं असेल तर चार ठिकाणी सुरी टोचा, नाहीतर वाफ कोंडून फुटतं.

तुम्ही रात्रभर फ्रिजमध्ये ठेवली होती असंही लिहिलंय. वांग्याला दहा अंशांखालची थंडी सोसत नाही. अशा थंडीत काही दिवस राहिलं की सालीवर खड्डे पडतात, आतल्या बिया आणि गर तपकिरी होतात. तुमच्या वांग्यांत बिया काळ्या निघाल्या असतील तर त्यामागे हेही असू शकतं, पण एका रात्रीत सहसा एवढं होत नाही, न बघता छातीठोक सांगत नाही. टणक आणि पिवळट-तपकिरी बिया असतील तर वांगं निबर होतं, मऊ आणि काळपट असतील तर थंडीने बाधलं. घरी आणल्यावर न धुता कागदावर पसरा आणि दोन दिवसांत संपवा. प्रवासात प्लास्टिकची पिशवी बांधू नका, घाम येऊन देठ कुजतो. सुती पिशवी किंवा खोका घ्या, वर जड काही ठेवू नका.

चंपाषष्ठीच्या आदल्या दिवशी घेणं मी शक्यतो टाळतो. नैवेद्याच्या मागणीने भाव चढलेले असतात आणि राहिलेला निबर मालही खपवला जातो. होळीच्या सुमारास ऊन तापलं की झाडंही थकतात, बियाळ फळं वाढतात. थंडी पक्की बसलेली असताना, सकाळी तोडीचा माल उतरतो त्या वेळी जा.

पुढच्या वेळी चार किलो एकदम घेऊ नका. आधी एक वांगं विकत घ्या आणि तिथेच उभं चिरून बघा. गर पांढरा, बिया बारीक आणि पांढऱ्याच असतील तर त्याच ढिगातली बाकीची घ्या.