तुळशीपुढचा दिवा आणि चार पायऱ्या

"आईंचे गुडघे आधीच झिजले आहेत, त्यात व्यायाम करताना त्या पडल्या तर आम्ही काय करायचे?" गोव्याच्या फोंडा तालुक्यातील एका सुनेने विचारलेला हा प्रश्न मला ज्येष्ठांच्या घरांतून वेगवेगळ्या शब्दांत नेहमी ऐकू येतो. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलून तो अनुभव येथे मांडते.

सासूबाई 71 वर्षांच्या. मागच्या पावसाळ्यात अंगणात उतरणाऱ्या चिऱ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ धरले होते, त्यावरून त्या घसरल्या. हाड मोडले नाही, मनगट तेवढे मुरगळले. मात्र त्या दिवसापासून घराने त्यांना जपायला घेतले. "आई, तुम्ही बसा, मी लावते दिवा," असे म्हणत सुनेने तुळशीपुढचा दिवा आपल्याकडे घेतला, मग पाणी भरणे गेले, भाजी निवडणे खुर्चीवर आले आणि मंगेशीची सोमवारची पालखीही "गर्दीत धक्का लागेल" म्हणून राहून गेली. वर्षभरात सासूबाईंना (मी त्यांना काकी म्हणते) सोप्यावरून उठतानाही कुणाचा तरी हात लागू लागला. सून मनापासून काळजी घेत होती, आणि त्या काळजीनेच काकी अधिक दुबळ्या होत आहेत हे तिला सांगणे मला सर्वांत अवघड गेले.

पहिल्या भेटीत मी काकींना हात छातीशी ठेवून खुर्चीतून उठायला सांगितले. दोनदा प्रयत्न फसला, तिसऱ्यांदा त्या हात टेकूनच उठल्या. फिजिओथेरपिस्ट ही चाचणी 30 सेकंदांची घेतात. सत्तरी ते चौऱ्याहत्तरीची स्त्री तेवढ्या वेळात 10 पेक्षा कमी वेळा उठू शकली तर पडण्याचा धोका अधिक मानतात, आणि हात टेकावे लागले तर गुण शून्य. काकी ओशाळल्या. मी त्यांना म्हटले की हा दोष गुडघ्यांचा आहे तितकाच, किंबहुना त्याहून अधिक, वापराविना पडून राहिलेल्या मांड्यांचा आहे. पडण्याच्या भीतीने माणूस बसतो, बसल्याने स्नायू आटतात, स्नायू आटल्याने तोल जातो, आणि मग ती भीती खरी ठरू लागते. स्त्रियांकडे स्नायूंची पुंजी मुळातच कमी असते आणि रजोनिवृत्तीनंतर हाडेही विरळ होत जातात, त्यामुळे हे चक्र त्यांना लवकर गाठते.

"मी रोज घरातल्या घरात फेऱ्या मारते की," काकी म्हणाल्या. फेऱ्या चांगल्याच, पण पायरी चढताना आणि खाली बसून उठताना लागणारी ताकद त्यांतून फारशी मिळत नाही. त्यासाठी स्नायूंवर थोडा भार द्यावा लागतो आणि तो हळूहळू वाढवावा लागतो. वयाचा मुद्दा निघाला तेव्हा मी 1990 मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासाविषयी सांगितले. त्यात नव्वदीच्या घरातील वृद्धांनी 8 आठवडे मांड्यांना वजनाचा व्यायाम दिला आणि त्यांची ताकद दुपटीहून अधिक झाली. सुनेने हे दोनदा विचारून घेतले.

व्यायाम सांगणे हे माझे काम नव्हे. मी त्यांना आधी डॉक्टरांकडे धाडले. तेथे रक्तदाब बसून आणि उभे राहून तपासला गेला, आणि रात्रीच्या झोपेच्या गोळीचाही फेरविचार झाला, कारण अपरात्री न्हाणीघराकडे जाताना ती गुंगी घात करते. मग फिजिओथेरपिस्टने आठवड्यातून 3 दिवसांचा क्रम आखून दिला: उंच खुर्चीतून उठणे-बसणे, स्वयंपाकाच्या ओट्याला धरून टाचा उचलणे, पाय बाजूला नेणे, एका पावलापुढे दुसरे ठेवून 10 सेकंद उभे राहणे. पुढे घोट्याला अर्ध्या किलोचा वाळूचा पट्टा आला. गुडघ्यांविषयीची शंका रास्त होती, पण मांडीचा पुढचा स्नायू बळकट झाला की झिजलेल्या सांध्याचे दुखणे बहुधा कमी होते. थोडे अंग दुखले तर चालेल, मात्र दुसऱ्या दिवशी गुडघा सुजला तर भार उतरवायचा, आणि चक्कर आली किंवा छातीत दुखले तर थांबून डॉक्टरांना विचारायचे, असे ठरले. शीतकडीबरोबर (भात-आमटीबरोबर) अळसांद्यांचे तोणाक, म्हणजे चवळीसारख्या कडधान्याची वाटणातली भाजी, किंवा मासळी रोज पोटात जावी हेही सुचवले, कारण प्रथिनांविना स्नायू भरत नाहीत.

माझा अधिक वेळ सुनेशी बोलण्यात गेला. "मदतीला उभ्या राहा, पण हात पुढे करण्याआधी मनात पाचपर्यंत मोजा," एवढेच मी तिच्याकडे मागितले. पहिले दोन आठवडे तिला ते जमले नाही. मुलाने मात्र पायऱ्या घासून घेतल्या आणि बाजूला लोखंडी कठडा बसवला.

तीन महिन्यांनी काकी 30 सेकंदांत हात न टेकता 8 वेळा उठल्या. दहाचा आकडा अजून दूर आहे आणि पालखीला त्या गेलेल्या नाहीत. दिवा मात्र पुन्हा त्यांच्याकडे आला आहे. कठड्याला एक हात लावून त्या चार पायऱ्या उतरतात, आणि सून उंबरठ्यावर उभी राहून मनात मोजत असते.